चौदा इंचांची गाठ

मिठबाव, ता. देवगड
१० नोव्हेंबर १९६८

चि. सौ. सगुणा हिला आबाचा आशीर्वाद.

पत्राच्या कोपऱ्याला कुंकू बघून दचकू नकोस, कोणाचं लग्न ठरलेलं नाही. तुझ्या कपाटाच्या लाकडाला आज रंधा लावला, म्हणून लावलं आहे. विहिरीवरचा फणस आठवतो ना? तू जन्मलीस त्या वर्षी तुझ्या आईने लावलेला. दोन वर्षांमागे वादळात तो कलला तेव्हा मी तो पाडला आणि फळ्या काढून माळ्यावर सुकत घातल्या. आता वाळून हळदीसारख्या पिवळ्या झाल्या आहेत. तुझ्या लग्नात भर मांडवात बोललो होतो की लेकीला कपाट देईन. त्याला नऊ वर्षं झाली. सुताराच्या लेकीची लुगडी पत्र्याच्या ट्रंकेत, हे गावात सांगायचीही सोय नाही. तुझी आई तर जाईपर्यंत मला त्यावरून टोचत होती.

सहा फूट उंच, चार फूट रुंद, वीस इंच खोल. दोन दारं, बाहेर उघडणारी. सहा पितळी बिजागऱ्या मालवणातून आणून तेल लावून ठेवल्या आहेत. दोन्ही दारं उघडून समोर उभं राहिलं की सगळं कपाट एका नजरेत दिसलं पाहिजे. एका दाराला आतून आरसा लावीन.

आता माप. आकडे लिहून पाठवू नकोस. वरच्या वाडीतल्या एकाने मुंबईहून आकडे पाठवले, माझ्या डोळ्यांनी एकाचा नऊ वाचला आणि ते कपाट आठ वर्षं त्यांच्या व्हरांड्यात उभं आहे. दोन सुतळ्या घे. पहिलीला भिंतीच्या रुंदीएवढी गाठ मार. दुसरी भिंतीला धरून समोर ताण आणि वाटेत जे काही आडवं येईल तिथे गाठ मार. मी इथे मापाचा गज लावून बघेन. गाठ खोटं बोलत नाही.

कपाटाचे सुटे भाग एप्रिलच्या बोटीने घेऊन मीच येईन, पुढे बोटी बंद होतात.

जावईबापूंना नमस्कार सांग. आताशा त्यांचं अक्षर दिसत नाही. माझ्या हाताखाली सहा वर्षं रंधा मारलेला माणूस कारखान्यात साहेब झाला की काय?

आबा


घाटकोपर
२४ नोव्हेंबर १९६८

ती. आबांना सगुणाचा नमस्कार.

पत्र वाचून रडू आलं. फणस पाडल्याचं तुम्ही दोन वर्षं कळवलं नव्हतंत. पण त्याचं कपाट होतंय म्हटल्यावर बरं वाटलं. आईची फार आठवण झाली.

सुतळ्या सोबत आहेत. आबा, एक मागणं आहे. दारं बाहेर उघडणारी करू नका. सरकती करा. इथे आता बऱ्याच घरांत तशीच असतात, दिसायलाही झकास दिसतात. यांचंही तेच म्हणणं आहे.

यांना कारखान्यात जादा पाळी असते, म्हणून लिहायला होत नाही. नमस्कार सांगितला आहे. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्ही काळजी करू नका. शिडीवर चढू नका.

सगुणा


मिठबाव
९ डिसेंबर १९६८

चि. सौ. सगुणा हिला आशीर्वाद.

सुतळ्या पोचल्या. पहिली ठीक आहे. दुसरी तू चुकवलीस. भिंतीपासून चौतीस इंच भरली. त्यातले वीस कपाटाचे. उरले चौदा. समोर खाट आहे हे मला ठाऊक आहे, मी त्रेसष्ट साली आलो तेव्हा तिथेच होती. पण खाट दिवसा तुम्ही भिंतीला उभी करत होतात. जावईबापूंनी ती मुद्दाम हलकी केली होती, तू एका हाताने उचलायचीस. खाट उभी केली की समोर पाच फूट मोकळे. दोन फुटी दार आरामात उघडतं. तेव्हा खाट उभी करून पुन्हा माप.

आणि सरकत्या दाराचं खूळ कोणाचं ते मला न सांगता कळलं. सरकतं दार दुकानात ठीक. घरात ते एका वेळी अर्धंच कपाट दाखवतं. पावसाळ्यात खोबणीत फुगून बसतं आणि मग बायको एका बाजूने ढकलते, नवरा दुसरीकडून. हे सगळं मी जावईबापूंना ते सोळा वर्षांचे असताना शिकवलं होतं. तेव्हा मान हलवली होती. आता मुंबईने मान फिरवली असं दिसतं. त्यांना सांग, सासऱ्याचं लाकूड फुकट मिळतंय म्हणून त्यावर फॅशन करू नये. आणि सासऱ्याला चार ओळी लिहायला जादा पाळी आड येत नाही, मस्ती आड येते.

हे वाचून दाखव. मी घाबरत नाही.

आबा


घाटकोपर
२ जानेवारी १९६९

ती. आबांना नमस्कार.

गाठ बरोबर आहे. मी तीनदा ताणून बघितलं.

खाट आम्ही आता उभी करत नाही. का ते विचारू नका. दारं सरकतीच करा. होत नसेल तर कपाट राहू द्या, मी ट्रंकेवर भागवीन. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही, पण यात जाते आहे.

यांना वाईट म्हणू नका.

सगुणा


मिठबाव
११ जानेवारी १९६९

चि. सौ. सगुणा हिला आशीर्वाद.

एकच विचारतो. दिवसा खाटेवर कोण असतं?

आबा


घाटकोपर
२० जानेवारी १९६९

मामांना दत्तारामाचा नमस्कार.

हे पत्र सगुणाला ठाऊक नाही. ती नळावर गेली आहे, तिथे रांग मोठी असते. शेजारची सोनूबाई मासळी विकून येते तेव्हा दारात टेकते, तिच्याकडे टपालात टाकायला देईन. उत्तर द्यायचं तर तिच्याच नावावर द्या.

तुम्ही विचारलंत खाटेवर कोण असतं. मी असतो.

गेल्या ऑगस्टात कारखान्याच्या लाकडाच्या कोठारात वरच्या फळीवरून पाठीवर पडलो. कंबरेखाली काही राहिलं नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. तीन महिने इस्पितळात होतो, मग त्यांनी घरी पाठवलं. तुम्हाला कळवू नकोस अशी शपथ मीच घातली. तुमच्या डोळ्यांसमोर मी अजून दोन फळ्या खांद्यावर टाकून चढण चढणारा दत्ता असेन. तसाच राहिलो तर बरं, असं वाटलं. तिचा काही दोष नाही. खोटं लिहिताना ती कागद फाडून पुन्हा पुन्हा लिहिते, मी इथून बघतो.

तुमचं डिसेंबरचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी थांबली आणि पुढे गेली. तिथे तुम्ही मला शिव्या घातल्या असणार. खरं सांगू? बरं वाटलं. पाच महिन्यांत मला कोणी रागावलेलं नाही.

आता मुद्द्याचं. सगुणा सरकती दारं मागते, कारण खाट हलवता येत नाही. वीतभर सरकवली तरी पाठीच्या जखमांतून कळ येते, तेवढं वरचं अंग अजून जिवंत आहे. ती म्हणते, खाट इथेच राहणार, तर दार खाटेला अडता कामा नये. हिशोब तिचा बरोबर आहे. पण मामा, तुम्ही तिचं ऐकू नका. बिजागऱ्यांचीच दारं करा.

डॉक्टर येतो तो तिला बाहेर नेऊन बोलतो. आमची ती भिंत फळीची आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मूत्रपिंडं खराब होत चालली आहेत. पाऊस संपेपर्यंत, असं तो म्हणाला. ती आत येऊन मला म्हणाली, वर्षभरात उठून बसाल असं डॉक्टर म्हणतात. मी म्हटलं, बरं.

फणसाचं कपाट पन्नास वर्षं टिकतं. कपाट आल्यावर खाट पाच-सहा महिन्यांत निघेल. पन्नास वर्षांच्या कपाटाला पाच महिन्यांसाठी सरकतं दार लावायचं, हे आपल्या धंद्यात बसत नाही. पुढे ती एकटी त्या अडणाऱ्या दारांशी झटत बसेल. पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने ढकलायला मी नसेन.

ती आली वाटतं. हंड्याचा आवाज आला.

दत्ता


मिठबाव
३० जानेवारी १९६९
(सोनूबाईंच्या हस्ते)

दत्ता,

जावयाला तुम्ही म्हणायचं असतं. पण हे पत्र जावयाला नाही, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला आहे.

तुझं पत्र पडवीत बसून वाचलं. नंतर दोन दिवस हत्याराला हात लावला नाही. डिसेंबरात मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. मस्ती हा शब्द लिहिला होता. तिने तो गाळला हे तिचे उपकार.

आता माझं ऐक. मी सरकतीच करणार. ज्या दिवशी माप घेतलं त्या दिवसाच्या घराचं कपाट करायचं, हे मीच तुला शिकवलं. पुढे भिंत पडेल, माणूस जाईल, असं मनात धरून कोणी रंधा मारत नाही. दुसऱ्या गाठीपाशी तू आहेस. मला तेवढं बस आहे. खोबणी मी शिसवीच्या करतो, फुगणार नाहीत. तुला बिजागऱ्या हव्या असतील तर ऊठ, खाट उचल आणि लाव.

मी एप्रिलात येतो. तिला मी काही विचारणार नाही. शपथ तुझी आहे, तूच सोडव.

आबा


घाटकोपर
११ मे १९६९

ती. आबांना सगुणाचा नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर खोली ओकीओकी वाटली. दारात आलात, यांना खाटेवर बघितलंत आणि पायांजवळ बसून त्यांचे पाय चेपायला लागलात. ते म्हणाले, मामा, मला कळत नाही हो. तुम्ही म्हणालात, मला कळतंय ना. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुम्हाला दहा वेळा नमस्कार केला आहे. लपवलं म्हणून एका शब्दाने बोलला नाहीत.

आता कपाटाची गंमत. तुम्ही होतात तेव्हा ही लक्षात आली नव्हती. कपाट चौदा इंचांवर आहे, त्यामुळे खाटेवरून यांचा हात दाराला पोचतो. परवा मी चुलीपाशी होते, खर्रर्र असा आवाज आला. बघते तर यांनी आपल्या बाजूचं दार स्वतः सरकवलं, हात घालून निळा सदरा काढला आणि छातीवर ठेवून पडलेत. नऊ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही घेतलं. म्हणाले, सगुणा, आज हा घालतो. त्यांची बाजू खाटेच्या डोक्याकडे, माझी पायांकडे, अशी वाटणी त्यांनीच केली आहे. दिवसभर दार उघडतात, लावतात. सोनूबाई म्हणाली, अरे दत्ता, दुकान मांडलंस काय रे, गिऱ्हाईक तरी येऊ दे. तर हसले.

फणसाचा वास येतो. डोळे मिटून पडतात आणि म्हणतात, तुझ्या आबांच्या पडवीत झोपलोय.

काल चौकटीच्या कडेवर बोट फिरवत होते. वरून खाली, पुन्हा खालून वर. मग एकटेच हसले. काय झालं म्हटलं तर म्हणाले, म्हाताऱ्याचा हात अजून बसलेला आहे.

तुम्ही म्हणाल तशी खोबणीला मेणबत्ती घासते. दार अडत नाही.

सगुणा


मिठबाव
२ ऑगस्ट १९६९

चि. सगुणा,

तार परवा पोचली. बोटी बंद आहेत. घाटात दरड आली आहे, एस.टी. सुटत नाही. काल कणकवलीपर्यंत थोडं चालत, थोडं ट्रकने गेलो आणि तिथून परत फिरलो. मी तुझ्यापाशी नाही.

वाट मोकळी होताच येतो.

आबा


घाटकोपर
२१ सप्टेंबर १९६९

आबा,

तुम्ही तेराव्यानंतर येऊन गेलात तेव्हा मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं आता सापडलं आहे.

काल खाट भिंतीला उभी केली. एका हाताने उचलली गेली. एवढे दिवस खोली इतकी मोठी होती हे मी विसरले होते. समोर बसून कपाट पुसायला घेतलं. चौकटीच्या डाव्या कडेला फडकं अडलं. बघितलं तर लाकडात तीन चिपा बसवलेल्या. उजवीकडेही तीन. रंग एकसारखा, रेषा जुळवलेल्या, दुसऱ्या कोणाला जन्मात दिसल्या नसत्या. मी सुताराची लेक आहे. बिजागरीची खाच कशी असते ते मला ठाऊक आहे. तुम्ही सहा बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्यात आणि त्या बुजवून मला दिल्यात.

म्हणजे रंधा मारतानाच तुम्हाला ठाऊक होतं. मला सरकती दारं दिलीत आणि आतून त्यांच्या जाण्याची तयारी करून ठेवलीत. मी इथे रोज त्यांना सांगत होते की दिवाळीला उठून बसाल, आणि ते ज्या कपाटाकडे तोंड करून पडले होते त्यात तुम्ही त्यांचं मरण बसवलं होतंत. त्यांनी त्या चिपांवरून बोट फिरवलं होतं. मी ते तुम्हाला आनंदाने कळवलं होतं. ते कशाला हसले ते मला आज कळलं.

तुम्ही असं का केलंत? एका माणसाने तरी माझ्या बाजूने धरून राहायला हवं होतं.

सगुणा


मिठबाव
२ ऑक्टोबर १९६९

चि. सगुणा,

तुझा राग रास्त आहे. मी गुन्हा केला आणि लपवला.

सोबत दत्तारामाचं जानेवारीचं पत्र पाठवतो. ते मी फाडून टाकायला हवं होतं, पण ते माझ्याने फाडवलं नाही. ते वाच, म्हणजे काय झालं ते कळेल. मी त्याला ठणकावून लिहिलं की सरकतीच करणार, पुढचं मनात धरून कोणी रंधा मारत नाही. ते लिहून पत्र टाकून आलो आणि चौकट पुढ्यात घेतली. तेव्हा माझा धीर सुटला, गो. तू मागितलेलं द्यायचं होतं आणि त्याचंही मोडवेना. तो माझा शागीर्द होता. आयुष्यात त्याने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली. म्हणून खाचा पाडल्या, तुला दिसू नयेत म्हणून बुजवल्या, आणि त्याला दिसतील हे मनात धरूनच बुजवल्या. पडल्या पडल्या त्याचा हात तिथे पोचेल हे मी मोजलं होतं.

त्याचं ऐकलं आहे, एवढं त्याला कळावं असं वाटलं. तुझ्या बाजूने धरून राहायला मी कमी पडलो. ते मला मान्य आहे.

सहा बिजागऱ्या अजून माझ्यापाशी आहेत. खाट आता उभी असते असं तू लिहितेस. तू म्हणशील तर दिवाळीनंतर येऊन दारं काढून बाहेर उघडणारी बसवून देतो, त्याच्या मनासारखी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तू नको म्हणशील तर बिजागऱ्या खाडीत टाकीन.

आबा


घाटकोपर
१४ नोव्हेंबर १९६९

ती. आबांना सगुणाचा नमस्कार.

त्यांचं पत्र एका दिवसात वाचून झालं नाही. रोज थोडं थोडं वाचलं. हंड्याचा आवाज आला असं शेवटी लिहिलंय. तो दिवस मला आठवतो. मी आत आले तर ते छताकडे बघत पडले होते, मला म्हणाले, आज रांग लवकर सरली का गं.

तुमच्यावर राग होता, तो हे पत्र वाचून गेला. आता त्यांच्यावर आहे आणि तो कुठे पाठवायचा ते कळत नाही. डॉक्टर मला बाहेर सांगत होता ते ते आतून ऐकत होते. मी आत जाऊन खोटं बोलत होते आणि ते बरं म्हणत होते. सहा महिने आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो, चौदा इंचांवर बसून. एकदा तरी दोघांनी मिळून रडायला हवं होतं. ते राहून गेलं.

मलाही सगळं ठाऊक होतं, आबा. तरी मी सरकतीच मागितली. खाट हलेल अशा मापाचं कपाट मला नको होतं. बाहेर उघडणारी दारं मागायची म्हणजे त्यांच्या जाण्याला हो म्हणण्यासारखं झालं असतं.

चिपांवर आता मीही बोट फिरवते. काम फार छान बसलं आहे.

दिवाळी सरली, आता जरूर या, चार दिवस राहा. सोनूबाई तुमच्यासाठी सुकी सुरमई ठेवून आहे. मी शिवणाचं काम धरलं आहे, मशीन खाटेच्या जागी ठेवलं आहे, तेवढी जागा पुरते. येताना बिजागऱ्या आणू नका. खाडीतही टाकू नका, तिथेच तेल लावून ठेवा.

दारं अडतात म्हणून ते काळजी करत होते. अडत नाहीत. मी माझ्या बाजूचं दार सरकवते, लुगडं काढते आणि लावून घेते. त्यांच्या बाजूचं अजून उघडलेलं नाही. आत निळा सदरा आहे, त्यांनीच घडी घालून ठेवलेला. तुम्ही एकदा रागाने लिहिलं होतंत की सरकतं दार एका वेळी अर्धंच कपाट दाखवतं. मला सध्या तेवढंच झेपतं.

तुमची
सगुणा